तुळईचा दोर

सकाळी फौजी उठायला लागला की आधी तुळई कुरकुरायची, मग खाट. तो स्वतः कुरकुरत नसे. त्याचा आवाज दातांमागेच अडकायचा.

उठण्याची त्यांची एक रीत ठरून गेली होती. त्याने डाव्या कुशीवर वळायचं आणि तुळईला बांधलेला दोर उजव्या हाताने धरायचा. बायकोने खाटेवर चढून आपला गुडघा त्याच्या कमरेला लावायचा आणि "हं" म्हणायचं. ती "हं" म्हणाली की तो दोर ओढायचा, ती गुडघा रेटायची, आणि दोघांचा मिळून एक माणूस उभा राहायचा. डावा पाय जमिनीला टेकला की नाही हे त्याला आतून कळत नसे. खाली बघून तो खात्री करून घ्यायचा.

खाटेच्या पायांखाली विटा होत्या, म्हणजे फार खालून उठावं लागू नये. न्हाणीत बसायला लाकडी स्टूल होतं. खाटेखाली झाकणाचा डबा होता, रात्रीसाठी. या वस्तू काही एकदम आल्या नव्हत्या. पाठ जसजशी बिघडत गेली तसतशी एकेक घरात शिरली आणि भांड्याकुंड्यांसारखी घरचीच झाली. आता त्या कुणाला दिसतही नसत.

फौजेत असताना डोंगरातल्या रस्त्यावर सामानाची गाडी उलटली आणि हा मागच्या पेट्यांखाली सापडला. तेव्हापासूनचं हे दुखणं. घरी आल्यावर बरी शेती करत होता, मग पाय जड व्हायला लागला. बाजारगावच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, "मणका सरकत चाललाय. ऑपरेशन करून घ्या. नाहीतर आज हा पाय झोपतोय, उद्या दुसरा झोपेल." फौजेच्या मोठ्या इस्पितळात ते ऑपरेशन होणार होतं, पण त्यासाठी तितकं अपंगत्व मंजूर व्हायला हवं. बाहेर करायचं तर शेत विकावं लागलं असतं. आणि शेत विकून पाय बरा झाला तर त्या पायाने जायचं तरी कुठे?

मंजुरीसाठी तो मागच्या वर्षी डॉक्टरांच्या मंडळापुढे जाऊन आला होता. जाताना कोट इस्त्रीचा, बूट चकाचक. मोठ्या साहेबांनी खोलीत पाऊल टाकलं आणि याने टाचा जुळवल्या.

"कसं काय, हवालदार?"

"एकदम ठीक, सर."

वाका म्हणाले, हा वाकला. चाला म्हणाले, हा छाती काढून चालला. घरी आल्यावर कितीतरी दिवस त्याला कुशीवर वळता येत नव्हतं. पण ते बघायला मंडळ थोडंच घरी येणार होतं! निकाल आला: दुखापत नोकरीतलीच, हे मान्य. अपंगत्व मात्र हवं त्यापेक्षा कमी.

"अहो, पण एकदम ठीक कशाला म्हणालात?" बायकोने विचारलं होतं.

"मग काय म्हणू? साहेब विचारत होते."

आता याला काय बोलणार? तिने कपाळावर हात मारला आणि चुलीकडे वळली.

अपील लिहून दिलं कारकून काकांनी. काका पूर्वी फौजेच्या कचेरीत होते. आता बाजारगावात टायपिंगचं दुकान चालवायचे आणि असल्या माणसांची प्रकरणं हौसेने अंगावर घ्यायचे. कागद भक्कम झाले म्हणून ते खूश होते. बटाटा काढायच्या तोंडावर ते मुद्दाम घरी आले.

"अपील दाखल झालंय. आता तपासणीला माणूस घरी येईल. कधी येणार ते फार आधी सांगत नाहीत. तोवर फौजीने शेतात पाऊल टाकायचं नाही. कुणी एकाने जरी सांगितलं की हा खुरपं चालवतो, तर सगळं मुसळ केरात."

"मी बसूनच काढतो की बटाटे," फौजी म्हणाला. "पोत्यावर बसतो, सरीतून सरकत जातो."

"बसून की उभं राहून, कोण विचारणार आहे? काम करतो म्हणजे करतो."

"पण काका, बटाटा तयार झालाय," बायको म्हणाली. "आभाळही भरून येतंय."

"बटाटा मोठा की पाय मोठा?"

तिला उत्तर ठाऊक होतं. बटाट्याला आणि आभाळाला ते कोण सांगणार, एवढाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवसापासून ती आणि सासरे असे दोघेच शेतात जाऊ लागले. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांची कंबर वयाने वाकलेली, त्यामुळे वेचायला ती फारशी वाकवावी लागत नाही असं ते स्वतःच हसत सांगायचे. ती कुदळीने वरंबा फोडायची आणि आबा मातीतून बटाटे चाचपून पाटीत टाकायचे. माती ओलसर, चिकट. कुदळीला चिकटलेला गोळा दर थोड्या वेळाने पायाने सोडवावा लागायचा. दुपारपर्यंत तिच्या तळहातावर फोड यायचे आणि संध्याकाळपर्यंत फुटायचे.

दरवर्षी शेजारच्या मळ्यातला पंपवाला, त्याची बायको आणि भाऊ मदतीला यायचे. मग हे त्यांच्याकडे जायचे. यंदा ती विचारायला गेली तेव्हा पंपवाला पंपाच्या खोलीच्या दारात बसून पट्टा जोडत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुमचा माणूस आमच्याकडे येणार आहे का, वहिनी?"

"त्यांना आता येता येणार नाही."

"मग आम्ही कसं यायचं? गेल्या साली तर चार माणसांच्या बरोबरीने काढत होता. आता सरकारकडून घ्यायचं ठरलं की लगेच पाय गेला?"

ती परत फिरली. बोलली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडायला अंगात ताकद नव्हती. येताना वाटेवर मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पंपवाला वाईट माणूस नव्हता. त्याने बघितलं होतं तेच तो बोलत होता.

घरात फौजी नुसता तडफडत होता. आधी ओट्यावर बसायचा, पण येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काय फौजी, सुट्टी वाढवून घेतली का?" मग तो आतल्या खोलीत बसू लागला. रोज आणलेले बटाटे तिथे जमिनीवर ओतायचे आणि तो दार लोटून निवडायचा. मोठे एकीकडे, बारके एकीकडे, कुदळीचा घाव लागलेले तिसरीकडे. तेवढंच काम, तेही चोरून. सैन्यात कधी पाठ न दाखवलेला माणूस आपल्याच घरात बटाट्यांच्या ढिगामागे लपून बसला होता.

एका संध्याकाळी ती पाटी टेकवून हात धूत होती तेव्हा तो म्हणाला, "आज दुपारनंतर तुझा हात दुखत होता."

"तुम्हाला काय माहीत?"

"सकाळचे अख्खे आहेत. दुपारनंतरचे सगळे कापलेत." त्याने एक कापलेला बटाटा उचलून दाखवला. "कुदळ जवळ पडतेय तुझी. खांदा उचलत नाहीस."

"उचलत नाही ना खांदा. तुम्ही या उचलायला."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. तो खाली मान घालून बटाटे निवडत राहिला.  मग त्याने तेलाची बाटली मागितली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत चोळून दिला.

शेवटच्या काही सऱ्या उरल्या असताना कचेरीतून फोन आला. तपासणीच्या बाई उद्या सकाळी येणार.

फोन ठेवला आणि घराच्या तोंडचं पाणी पळालं. तिघांनाही एकच सुचलं. कुणी परकं घरी यायचं म्हटलं की कुठल्याही घराला जे सुचतं, तेच. तिने केरसुणी घेतली.

दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातली नर्स आली होती. चार बायकांसमोर नाकाला पदर लावून म्हणाली होती, "घरात वास येतोय हो तुमच्या." ते वाक्य हिच्या काळजात रुतून बसलं होतं. तिने पहिल्यांदा खाटेखालचा डबा उचलला, घासून गोठ्यामागे नेऊन ठेवला. न्हाणीतलं स्टूल शेवाळाने हिरवं झालं होतं, ते सरपणाच्या ढिगात टाकलं. खाटेखालच्या विटा मातीने माखल्या होत्या आणि एक तर फुटकी. "कशा दिसतात या!" म्हणत तिने आबांच्या मदतीने त्याही काढल्या. खाटेवर पेटीतली नवी चादर अंथरली. जमीन पुसली, बटाटे परसात हलवून पोत्याने झाकले.

आबा मधोमध उभे राहून वर बघत होते.

"हा दोर बघ. दारातून आत येणाऱ्याच्या बरोबर तोंडासमोर लोंबतोय. बघितलं की माणसाच्या मनात भलतंच येतं."

"काढा, आबा."

"गाईचं दावंही तुटलंय. तिला होईल." आबांनी गाठ सोडली आणि दोर खांद्यावर टाकून गोठ्याकडे गेले.

"माझी दाढी करून दे," फौजी म्हणाला. "आणि तो कोट काढ."

"कोट नको हो."

"मग पांढरा शर्ट तरी. सरकारी माणूस येणार आहे घरी."

तिने दाढी करून दिली, शर्टाची बटणं लावून दिली. घर इतकं नीटनेटकं दिसत होतं की तिला बरं वाटलं. आता कुणी काही म्हणू शकणार नाही, असं तिच्या मनात आलं.

बाई आल्या त्या मध्यम वयाच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या. त्यांची गाडी मळ्याच्या तोंडाशीच थांबली होती, चिखलातून चालत आल्या होत्या. तिने पाणी दिलं. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

"घर किती छान ठेवलंय तुम्ही!"

"कुठलं हो," ती म्हणाली, पण सुखावली.

फौजीला तिने आधीच उठवून, दोन्ही बगलांत हात घालून खुर्चीत बसवून ठेवलं होतं. बाईंनी पाय किती दुखतो, किती चालता, रात्री झोप लागते का, असं एकेक विचारलं. तो "थोडं", "बऱ्यापैकी", "लागते" असली उत्तरं देत होता. दाराआड उभ्या आबांनी दोनदा खाकरून इशारा केला. त्याने तिकडे बघितलंही नाही.

"झोपता कुठे?"

"या खाटेवर, मॅडम."

"जरा आडवे होऊन दाखवा. मग उठून दाखवा."

आडवं होणं जमलं. आता उठायचं. ती सवयीने खाटेवर चढून त्याच्या मागे जाऊ लागली.

"वहिनी, तुम्ही लांब राहा. मला त्यांना एकट्यांना बघायचंय."

ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. फौजी कुशीवर वळला आणि त्याचा उजवा हात वर गेला. रोजच्यासारखा, न बघता. बोटं हवेत उघडली आणि मिटली. वर काही नव्हतं. हात तसाच क्षणभर राहिला आणि खाली आला.

तेव्हा तिला कळलं आपण काय करून बसलो ते. 

बाईंनी हात वर गेलेला बघितला होता. पण तो कशाला गेला हे त्यांना कसं कळावं?  मग साध्या आवाजात म्हणाल्या, "हवालदार, उठा."

त्यांनी आपलं सहज म्हटलं असेल. पण हे दोन शब्द ज्याने उभं आयुष्य ऐकले, त्याच्या अंगात ते वेगळ्याच जागी जाऊन पोचले. तो खाटेवरून गुडघ्यांवर पडला. विटा नसल्यामुळे जमीन जवळच होती. खाटेचा पाय धरून, कडेला कोपर टेकवून, गळ्याच्या शिरा तट्ट फुगवून तो वर आला. टाचा जुळल्या. तोंड चुन्यासारखं पांढरं, पांढऱ्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली.

"जमलं, मॅडम."

"दुखलं का?"

"नाही, मॅडम."

"खोटं बोलतायत ते!" ती ओरडली. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायची तिच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. "रोज दोर लागतो त्यांना. इथे दोर असतो, तुळईला. मी मागून गुडघा लावते."

बाईंनी वर बघितलं. "कुठाय दोर?"

"काढला."

"कधी?"

"काल."

"का काढला?"

"तुम्ही येणार म्हणून."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. आपण बोललो ते किती विचित्र आहे हे तिलाही ऐकू आलं. ती धावतच परसात गेली. गाईच्या गळ्यातली गाठ आबांनी अशी आवळली होती की सुटेना. तळहाताच्या फोडांतून पाणी यायला लागलं. शेवटी तिने खुंटीकडचं टोक सोडलं आणि गाईसकट दोर ओढत दारात आणला.

"हा बघा. हा दोर."

गाय उंबऱ्यावर पाय ठेवून आत डोकावली आणि मागे, झाडून काढलेल्या दारात शेण टाकलं.

बाईंना हसू आलं असावं, पण त्या हसल्या नाहीत. ती मग सरपणातून स्टूल घेऊन आली, विटा घेऊन आली, गोठ्यामागून डबासुद्धा घेऊन आली. घासून लख्ख केलेला डबा. तो कधी वापरलेला आहे असं कुणाला वाटलं नसतं. एकेक वस्तू बाईंच्या पायांशी मांडत ती बोलत होती, आणि जितकी बोलत होती तितकं सगळं रचलेलं वाटत होतं.

"पुरे," फौजी म्हणाला. अजून तो सावधानमध्येच उभा होता. "पुरे कर गं."

"वहिनी," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण मी आले तेव्हा जे पाहिलं, तेवढंच मला लिहिता येतं."

त्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग म्हणाला, "धर मला." ती पुढे होईपर्यंत तो पडला होता.

त्यानंतर तो खाटेवरच होता. मान वळवली तरी डोळे घट्ट मिटायचा. तिला त्याच्यापासून हलता येईना, आणि तेवढ्यात आभाळ फाटलं. उरलेल्या सऱ्यांत पाणी साचलं. ऊन पडल्यावर आबांनी खुरप्याने उकरून बघितलं. बटाटे बोटांत दाबले की फुटत होते. शेतातून घरभर कुजक्या बटाट्यांचा वास येत होता आणि आता तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

निकाल घेऊन कारकून काका आले. खुर्चीवर बसले नाहीत, उभ्याउभ्याच सांगितलं. "फेटाळलं. आधाराशिवाय उठतो, उभा राहतो, असं बाईंनी लिहिलंय. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल." मग त्यांचा बांध फुटला. "अरे, पण तो दोर काढायची बुद्धी झाली कुणाला? मी काय काय सांगून ठेवलं, पण घर झाडू नका हेही सांगायला हवं होतं का मी?"

 संध्याकाळी आबा बाजारातून नवा दोर घेऊन आले. न्हाणीतलं स्टूल आणून, त्यावर चढून त्यांनी तो तुळईला बांधला आणि लोंबकळून बघितलं. मग खाटेखाली विटा सरकवल्या. बिचारे लेकाच्या तोंडाकडे बघत नव्हते.

सकाळी ती खाटेवर चढली. फौजीने हात वर केलाच नाही.

"दोर धरा ना."

"नको. लिहिलंय ना, आधाराशिवाय उठतो म्हणून? मग आधाराशिवायच उठायचं. तू लांब राहा."

"अहो, काय वेडेपणा!"

"लांब राहा म्हटलं ना."

आणि रोज तेच सुरू झालं. तो गुडघ्यांवर पडायचा. कधी वर यायचा, कधी कपाळ टेकून जमिनीवरच राहायचा. गुडघे सोलवटले. मदतीला गेलं की हात झिडकारायचा. बाईंवर त्याचा राग नव्हता, मंडळावरही नव्हता. आपल्याबद्दल जे लिहून आलं त्याबरहुकूम तो आता वागत होता. ती भिंतीशी उभी राहायची. बाईंनी तिला जिथे उभं केलं होतं तिथेच. दुसरा पाय झोपेपर्यंत आपल्याला हेच बघायचंय, असं तिला वाटायचं आणि जीव नकोसा व्हायचा.

एका सकाळी तो खाटेखाली अर्धवट अडकला. एक हात विटांत, एक हवेत. धडपडताना नवा दोर त्याच्या कानाला घासत होता. ती बघत होती.   नवऱ्यावर जिने कधी आवाज चढवला नव्हता, ती भिंत सोडून ताठ उभी राहिली आणि घर दणाणेल अशी ओरडली,

"हवालदार! दोर धरा!"

फौजीचा हात वर गेला. विचार करायला त्याला वेळच मिळाला नाही. बोटं मिटली, आणि या वेळी मुठीत दोर होता.

त्याने वळून तिच्याकडे बघितलं.   मग ती मागे गेली, गुडघा त्याच्या कमरेला लावला.

"हं," ती म्हणाली.

तुळई कुरकुरली. खाट कुरकुरली. आणि मग फौजी ओरडला. इतक्या वर्षांचं दातांमागचं सगळं एकदम बाहेर पडलं. गोठ्यात गाय दचकून उठली, आबांच्या हातातली बादली निसटली, आणि कुंपणापलीकडे पंपवाला हातातलं काम टाकून या घराकडे बघत उभा राहिला. ज्यांनी तो आवाज ऐकायला हवा होता ते लांब शहरात होते, आणि पुढच्या वर्षापर्यंत येणार नव्हते.

तो उभा राहिला. खाली बघून पाय टेकल्याची खात्री करून घेतली.

"आता हा दोर कुणी काढायचा नाही," ती म्हणाली. "देव जरी घरी आला तरी."